ट्यूंऽऽ! गिटारच्या जोडीला घरी बनवलेली लेझर बंदूक

जत्रेतल्या खेळण्यांच्या गाड्यावर एक प्लास्टिकची बंदूक हमखास लटकलेली असते. घोडा दाबला की लाल-निळे दिवे लागतात आणि ‘ट्यूंऽऽ ट्यूंऽऽ’ सुरू होतं. पोर ती हट्टानं घरी आणतं आणि तिसऱ्या दिवशी आई तिचे सेल काढून लपवून ठेवते. माझ्या भाच्याच्या बंदुकीचंही तेच झालं. मी नवे सेल टाकले, बंदुकीचं तोंड इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपजवळ (तारांखालच्या चुंबकावरच्या वेटोळ्याजवळ) धरलं आणि घोडा दाबला. अॅम्पमधून (अॅम्प्लिफायरमधून) जे बाहेर आलं त्यानं खिडकीची काच थरथरली. भाचा जाम खूश. बहीण नाही.

हा प्रयोग तुम्हीही आधी करून बघा, सोल्डरिंग गन हातात घेण्याची गरज नाही. बंदुकीतल्या छोट्या स्पीकरमध्ये तारेचं वेटोळं असतं. त्यातून आवाजाचा विद्युतप्रवाह वाहतो तेव्हा भोवतालचं चुंबकीय क्षेत्र हलतं, आणि गिटारच्या पिकअपचं काम नेमकं तेच टिपण्याचं आहे. गिटारची तार हलली काय आणि शेजारी दुसरं वेटोळं थरथरलं काय, पिकअपला दोन्ही सारखंच. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलननं १९९१ साली चक्क भोकं पाडायचं इलेक्ट्रिक ड्रिल पिकअपजवळ चालवून त्याचा आवाज गाण्यात वापरला होता, तो याच तत्त्वावर. सिंगल कॉइल (एका वेटोळ्याच्या) पिकअपवर हे जास्त जोरात येतं. हंबकर म्हणजे दोन वेटोळ्यांचा पिकअप, त्यावर बंदूक दोनपैकी एकाच वेटोळ्याच्या अगदी जवळ न्यावी लागते.

मग हा आवाज काढणारं सर्किट वेगळं कशाला बनवायचं? कारण एका हातात बंदूक धरली की गिटार वाजवायला एकच हात उरतो. शिवाय खेळण्यातला आवाज आत काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखालच्या चिपमध्ये कायमचा भरलेला असतो. त्याचा सूर बदलता येत नाही, वेग बदलता येत नाही. आपण बनवू ती पायानं वाजेल आणि सुरात लागेल.

आधी कान, मग कथील

‘ट्यूं’ ऐकल्यावर आपल्या डोळ्यांसमोर बंदूकच का येते? कारण सूर वरून सुरू होतो आणि भर्रकन खाली घसरतो, आधी वेगानं, मग हळूहळू. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या बंदुकांचा आवाज ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी रेडिओ टॉवरला ताण देणाऱ्या पोलादी तारेवर हातोडी मारून मिळवला होता. अशा ताठ, लांब तारेतून उंच सुरांच्या लहरी खालच्या सुरांपेक्षा वेगानं धावतात. त्यामुळे तारेच्या दुसऱ्या टोकाशी आधी टीप ऐकू येते आणि मग खर्ज. ती तार जे करते तेच आपल्याला एका आठ पायांच्या आयसीकडून, म्हणजे चिपकडून, करून घ्यायचं आहे.

तो आयसी म्हणजे ५५५ टायमर, दुकानाच्या भाषेत ‘ट्रिपल फाइव्ह’. हान्स कॅमेन्झिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी त्याची रचना केली आणि १९७२ साली तो बाजारात आला. अजूनही तो वडापावाच्या आसपासच्या किमतीत मिळतो.

काय काय आणायचं

मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड, पुणेकरांना बुधवारातली तपकीर गल्ली. इतरांनी आपल्या गावातला टीव्ही दुरुस्तीवाला गाठावा किंवा ऑनलाइन मागवावं. यादी अशी:

आयसी एनई ५५५ दोन नग, आणि त्यांचे आठ पिनांचे बेस. रेझिस्टर पाव वॉटचे (के म्हणजे हजार ओहम): १ के, १.५ के, ४.७ के, ६.८ के, १० के, २२ के आणि ४७ के. दोन-दोन घ्या, २२ के तर दोन लागतातच. पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) १०० केचे दोन आणि १० केचा एक. कपॅसिटर: ‘४७३’ छापलेला पॉलिस्टरचा एक, ‘१०४’ दोन, ‘१०३’ एक. इलेक्ट्रोलायटिक १०, २२ आणि ४७ मायक्रोफॅरडचा प्रत्येकी एक, १००चा एक. डायोड १एन४१४८ दोन, १एन४००७ एक. एक एलईडी. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तिची टोपी. ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचायची पाटी), थोडी वायर, आणि नंतर पक्कं करायला झिरो पीसीबी (सोल्डर करायची भोकांची कोरी पाटी).

गिटारच्या केबलचं सॉकेट मागताना ‘सव्वासहा एमएम मोनो’ म्हणालात तर काउंटरवरचा माणूस क्षणभर बघत राहील. ‘पी थर्टीएट’ म्हणा, लगेच मिळेल.

स्विच मात्र जपून घ्या. आपल्याला दाबलं की चालू आणि पाय उचलला की बंद असा हवा, म्हणजे ‘पुश टू ऑन’. गिटारच्या इफेक्ट पेडलमध्ये असतो तसा दर दाबण्याला चालू-बंद होणारा नको. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. दुकानातच मल्टिमीटर लावून बघायला लाजू नका.

पायरी १ : एका आयसीची बंदूक

आयसीवरची अर्धगोल खाच वर ठेवा. पाय, म्हणजे पिना, अशा मोजा: डावीकडे वरून खाली १ ते ४, आणि उजवीकडे खालून वर ५ ते ८. उजवीकडचे आकडे वरून मोजायला लागलात तर नऊ व्होल्ट भलत्याच पायाला मिळतील.

आता जोडणी.

बॅटरीचा प्लस स्विचमधून आणि मग १एन४००७ मधून ब्रेडबोर्डच्या लाल पट्टीवर. डायोडची रुपेरी रेघ पट्टीच्या बाजूला. मायनस निळ्या पट्टीवर.

पिन ८ आणि पिन ४ लाल पट्टीला. पिन १ निळ्या पट्टीला.

लाल पट्टीपासून २२ के, त्याच्या रांगेत १०० केचा पॉट (मधला आणि एक कडेचा पाय वापरा), आणि तिथून पिन ७.

पिन ७ ते पिन ६ मध्ये ४.७ के. पिन ६ आणि पिन २ एका वायरनं एकत्र. पिन २ पासून ‘४७३’ कपॅसिटर निळ्या पट्टीला.

पिन ५ पासून १.५ के, त्याच्या रांगेत ४७ मायक्रोफॅरड, आणि मग निळी पट्टी. कपॅसिटरची पांढरी पट्टी असलेली बाजू निळ्याकडे.

पिन ८ आणि १ च्या अगदी अंगाला चिकटून एक ‘१०४’ आणि १०० मायक्रोफॅरड. यांना ‘नंतर लावू’ म्हणून टाळू नका, कारण पुढे येईल.

एलईडी १ केच्या रांगेत लाल-निळ्या पट्ट्यांमध्ये.

इथे ४.७ के आणि ४७ के यांचा घोळ हमखास होतो. दोन्ही पिवळा-जांभळा, फक्त तिसरा पट्टा ४.७ला लाल आणि ४७ला नारिंगी. ट्यूबलाइटखाली लाल-नारिंगी सारखेच दिसतात, तेव्हा मीटरनं मोजा.

हे चालतं कसं

पुस्तकातलं ५५५चं नेहमीचं सर्किट जसंच्या तसं उचललं तर मजा येत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

५५५ मध्ये ‘४७३’ कपॅसिटर एका वरच्या पातळीपर्यंत भरतो, मग तिच्या निम्म्यापर्यंत रिकामा होतो, पुन्हा भरतो. हे सेकंदाला जितक्या वेळा घडतं तितका सूर उंच. वरची पातळी कुठे असावी हे पिन ५ ठरवते. तिला हात लावला नाही तर ती दोन तृतीयांशावर, म्हणजे ९ व्होल्टला ६ व्होल्टवर असते. ती खाली ओढली की कपॅसिटरला भरायला कमी अंतर उरतं, फेरा लवकर पुरा होतो आणि सूर चढतो.

आपण पिन ५ला ४७ मायक्रोफॅरडचं ओझं बांधलं आहे. स्विच दाबला त्या क्षणी तो रिकामा असतो आणि पिन ५ला साधारण १.९ व्होल्टवर धरून ठेवतो. मग आयसीच्या पोटातल्या रेझिस्टरमधून तो भरत जातो, पिन ५ ६ व्होल्टकडे सरकते आणि सूर खाली घसरतो. घसरण आधी वेगानं आणि नंतर मंदावत, अगदी त्या टॉवरच्या तारेसारखी. १.५ के नसता तर पिन ५ शून्यावरून निघाली असती आणि सुरुवातीला आयसी क्षणभर मुकाच राहिला असता.

आता मुद्द्याची गोष्ट. पिन ५ बदलली की फक्त भरण्याचा वेळ बदलतो. रिकामं होण्याचा वेळ जिथल्या तिथे राहतो, कारण तो नेहमी एखाद्या पातळीपासून तिच्या निम्म्यापर्यंतचा असतो. पुस्तकातल्या सर्किटमध्ये वरचा रेझिस्टर लहान आणि खालचा मोठा असतो, म्हणजे चौकोनी लहर छान समतोल येते. पण त्यात अर्धा वेळ रिकामं होण्यातच जातो, आणि पिन ५ कितीही ओढली तरी सूर पाऊण सप्तकापेक्षा फारसा हलत नाही. माझ्या पहिल्या बंदुकीतून त्यामुळे ‘ट्यूं’ऐवजी कंटाळलेल्या बेडकाचा आवाज यायचा. दोन संध्याकाळी मी कपॅसिटर बदलत बसलो होतो. प्रमाण उलटं केलं, वर मोठा आणि खाली ४.७ के, तेव्हा घसरण दोन सप्तकांच्या आसपास गेली. पॉट मध्यावर असताना सूर १६८० हर्ट्झच्या आसपास सुरू होऊन ३७५ला येऊन टेकतो.

चाचणीसाठी पिन ३ पासून ४७ ओहम, मग एखादा ४७ मायक्रोफॅरड (प्लस पिन ३ कडे) आणि मग जुन्या रेडिओतला ८ ओहमचा स्पीकर निळ्या पट्टीला. हे दोन्ही जादा घ्यायचे नसतील तर ४७ ओहमच्या जागी १ के आणि कपॅसिटर म्हणून २२चा तात्पुरता चालेल, आवाज फक्त बारीक येईल. स्विच दाबा. ट्यूंऽऽ.

स्विच धरून ठेवला तर सूर खाली येऊन तिथेच भुणभुणत राहतो, सोडला की थांबतो. भराभर दाबलं तर दुसरा बार थोडा खालून सुरू होतो, कारण पिन ५चा कपॅसिटर अजून पुरता रिकामा झालेला नसतो. तो खटकला तर एक १एन४१४८ लावा, काळी रेघ लाल पट्टीकडे आणि दुसरं टोक ४७ मायक्रोफॅरडच्या प्लसला. स्विच दाबेपर्यंत बॅटरीतून काहीच वाहत नाही, त्यामुळे वेगळं बटण लागत नाही.

पायरी २ : ट्यूं-ट्यूं-ट्यूं

एकेक बार सुटतोय तोवर दुसरा आयसी लावू नका. एकाची चूक सापडत नाही, दोघांची कशी सापडणार?

दुसरा ५५५ तसाच बसवा: ८ आणि ४ लाल, १ निळा, ६ आणि २ एकत्र. लाल पट्टीपासून १० के आणि दुसरा १०० केचा पॉट पिन ७ पर्यंत, पिन ७ ते ६ मध्ये ६.८ के, पिन २ पासून १० मायक्रोफॅरड निळ्या पट्टीला. हा आयसी सेकंदाला एक ते सहा वेळा अगदी थोडा वेळ ‘खाली’ जातो.

आता पहिल्या आयसीच्या पिन ५ वरचे १.५ के आणि ४७ मायक्रोफॅरड काढा. त्या जागी २२ मायक्रोफॅरड थेट पिन ५ आणि निळ्या पट्टीत. काढलेला १.५ के पिन ५ला जोडा, त्याच्या रांगेत १एन४१४८, आणि डायोडचं काळ्या रेघेचं टोक दुसऱ्या आयसीच्या पिन ३ला. दुसरा आयसी खाली गेला की डायोडमधून पिन ५ झपकन ओढली जाते. तो वर आला की डायोड दार बंद करतो आणि पिन ५ आपल्या गतीनं वर चढते. दर खेपेला एक बार. स्विच धरून ठेवा आणि दुसरा पॉट फिरवा: एका टोकाला निवांत पहारेकरी, दुसऱ्या टोकाला पिसाळलेला रोबो.

डायोड उलटा लागला तरी काही जळत नाही, फक्त सूर खाली घसरायच्या ऐवजी विचित्र डुलतो. मला तो आवाजही आवडला होता, तो भाग वेगळा.

पायरी ३ : गिटारच्या साखळीत घालणं

पिन ३ वर सात-साडेसात व्होल्टचा आवाज असतो. गिटारमधून येतो तो त्याच्या दहाव्या हिश्शाच्याही आतबाहेरचा. थेट अॅम्पमध्ये घातलात तर शेजारी दार वाजवतील. म्हणून स्पीकर काढून टाका आणि पिन ३ पासून ‘१०४’, मग २२ के, मग १० केच्या पॉटचं वरचं टोक. खालचं टोक निळ्या पट्टीला. वरच्या टोकापासून निळ्या पट्टीला ‘१०३’. तो वरचा किरकिराट कापतो, नाहीतर आवाज कानात टोचतो. पॉटचा मधला पाय ४७ केमधून बाहेर जाणाऱ्या सॉकेटच्या टोकाला. सॉकेटचा अंगचा भाग निळ्या पट्टीला.

अॅम्पला दोन इनपुट असतील तर गिटार एकात, बंदूक दुसऱ्यात. विषय संपला. एकच असेल तर दुसरं सॉकेट लावा: गिटारचा सिग्नल आत येऊन १० केमधून त्याच बाहेरच्या टोकाला मिळेल. पण गिटार थेट यात खुपसू नका. पिकअपला समोर मोठा रोध लागतो, इथे जेमतेम पन्नास के मिळतो, आणि गिटारचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो. मध्ये बफर (पिकअपवर ओझं न टाकता सिग्नल पुढे देणारं सर्किट) असलेलं कुठलंही पेडल ठेवा. बॉस कंपनीची बहुतेक पेडल बंद असतानाही बफर करतात. ‘ट्रू बायपास’ लिहिलेलं पेडल बंद असताना करत नाही, ते चालू ठेवावं लागेल.

पहिल्यांदा जोडताना अॅम्पचा आवाज शून्य, १० केचा पॉट शून्य, मग दोन्ही हळूहळू. हेडफोन घालून तर नकोच.

बिघडलं तर

काहीच आवाज नाही: दहापैकी सात वेळा पिन ४ लाल पट्टीला लागलेली नसते.

सूर येतो पण घसरत नाही: मीटर पिन ५ वर ठेवा. स्विच दाबल्यावर आकडा दोनच्या आसपासून सहाकडे चढायला हवा. थेट सहा दिसला तर कपॅसिटर लागलेलाच नाही.

घसरण संपतच नाही, सहा-सात सेकंद रेंगाळते: तुम्हाला ७५५५ किंवा तसाच सीमॉस (कमी वीज खाणाऱ्या जातीचा) आयसी दिला गेलाय. पाय तेच, पण त्याच्या पोटातले रेझिस्टर ५ केऐवजी साधारण १०० केचे असतात. परत करायला जाऊ नका. पिन ५वर ४७ऐवजी २.२ ते ४.७ मायक्रोफॅरड लावा.

गिटार वाजवताना मागे ‘टक टक’ ऐकू येतं: ५५५ पलटी खाताना बॅटरीतून क्षणभर मोठा घोट घेतो. तो घोट जवळून मिळावा म्हणून ते ‘१०४’ आणि १०० मायक्रोफॅरड पिन ८ला चिकटून लावायला सांगितले होते. दुसऱ्या आयसीलाही आणखी एक ‘१०४’ लावा.

पेडलचा अडॅप्टर लावायचा असेल तर त्याच्या पिनवर मधला मायनस असतो, बहुतेक पेडलची तीच रीत. आपल्या घरातल्या राउटर वगैरेंचा बहुधा उलट. कॉलेजच्या कार्यक्रमाआधी मी घाईत कुणाचा तरी अडॅप्टर खुपसला, तेव्हा माझ्या सर्किटमध्ये १एन४००७ नव्हता. आयसीच्या डोक्यावर टाचणीएवढा खड्डा पडला आणि ग्रीनरूममध्ये अगरबत्ती विझल्यासारखा वास पसरला. पाच रुपये वाचवले होते.

डबा आणि सूर

झिरो पीसीबीवर उतरवताना ब्रेडबोर्डवरची मांडणी तशीच ठेवा, आधी आयसीचे बेस, मग रेझिस्टर, शेवटी उंच कपॅसिटर. आयसी बेसमध्ये सर्वांत शेवटी बसवा. डबा धातूचा हवा, प्लास्टिकमध्ये ट्यूबलाइटची घरघर आत येते. माझी बंदूक शाळेतल्या पत्र्याच्या कंपासपेटीत आहे. तळाला पुठ्ठा घाला, नाहीतर पाठीमागचे सोल्डरचे टोक पत्र्याला लागतात. आणि निळी पट्टी एका वायरनं पत्र्याला जोडा. फूटस्विचच्या खाली मात्र लाकडाचा ठोकळा द्या, पत्रा पायाखाली पिचकतो.

आता सूर. स्विच धरून ठेवा, घसरण पूर्ण होऊ द्या, आणि गिटार ते अॅम्पच्या साखळीतल्या ट्यूनरकडे बघत पहिला पॉट फिरवा. २३५ ते ९७५ हर्ट्झच्या दरम्यान कुठेही तो टेकवता येतो. गाणं ए (A) सुरात असेल तर ४४० वर आणा, म्हणजे सर्वांत बारीक तारेच्या पाचव्या फ्रेटचा सूर. मग बार कुठूनही सुटला तरी गाण्याच्या मूळ सुरावर येऊन पडतो. बॅटरी थोडी उतरली तरी हा सूर फारसा हलत नाही, कारण ५५५ पातळ्या बॅटरीच्या प्रमाणातच मोजतो. एकच बार वाजवायचा तर पुढे डिले (आवाज मागाहून पुन्हा ऐकवणारं पेडल) ठेवा आणि त्याचा वेळ गाण्याच्या ठेक्याला जुळवा. डिस्टॉर्शनच्या (आवाज फाडणाऱ्या पेडलच्या) आधी बंदूक घातली आणि त्याच वेळी कॉर्ड वाजत असेल तर दोघांची खिचडी होते. डिस्टॉर्शननंतर, डिलेच्या आधी, ही जागा मला सगळ्यात मानवली आहे.